हजर, गुरुजी!

आमच्या तालुक्यात साहेब पुष्कळ आहेत, दादा गल्लीगणिक आहेत आणि भाऊंची तर मोजदादच नाही. गुरुजी मात्र एकच. गेल्या तीस वर्षांत त्यांनी पक्ष तीनदा बदलला, गाडी पाचदा बदलली, पण मोटारीतून उतरल्यावर दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर झटकायची सवय काही गेली नाही. खडूची भुकटी झटकायची ती रीत. खडू सुटून जमाना झाला, भुकटी मात्र त्यांच्या मते अजून आहे.

मी त्यांचा चौथीचा विद्यार्थी. त्यांनी मला अर्धा तास अंगठे धरून ओणवं केलं होतं. तेव्हा पुढचं सगळं निःपक्षपाती आहे असं कुणी समजू नये.

शाळा मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरायची. दोन शिक्षक, चार वर्ग आणि घंटेऐवजी रुळाचा तुकडा. गुरुजींचं अक्षर असं की सातबारासुद्धा त्यांनी लिहिला असता तर वाचता आला असता. साहजिकच गावाचं सगळं लिखाण त्यांच्याकडे यायचं. सोसायटीच्या कर्जाचा अर्ज, मुंबईच्या गिरणीतल्या नवऱ्याला पत्र, तलाठ्याविरुद्धची तक्रार आणि त्या तक्रारीला तलाठ्यानं द्यायचं उत्तर, दोन्हीही तेच लिहीत. त्यामुळे कुणाचं देणं थकलंय, कुणाची सोयरीक कुठं अडलीय आणि कुणी कुणाचा बांध कोरलाय, हे त्यांना घरबसल्या ठाऊक. त्यात जनगणना आली की गुरुजी, मतदारयादी आली की गुरुजी, निवडणुकीच्या पेटीशेजारी केंद्राध्यक्ष म्हणून पुन्हा गुरुजीच. ही माहिती जमवायला पुढाऱ्याला कार्यकर्ते पोसावे लागतात. गुरुजींना त्यासाठी सरकार भत्ता देत होतं.

राजकारण विधानसभेत शिकायला मिळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी प्राथमिक शिक्षकांच्या पतसंस्थेची निवडणूक पाहिलेली नसते. तिथला प्रत्येक मतदार आयुष्यात दहा निवडणुकांना ड्युटीवर गेलेला असतो. मत बाद कसं होतं आणि कसं करवता येतं, हे त्याला पाठ असतं. अशा लोकांना बोकड खाऊ घालून मत मिळत नाही. ते दोन्ही पॅनेलचा बोकड खातात आणि तिसऱ्यालाच शिक्का मारतात. गुरुजींनी तिथं वेगळी युक्ती काढली. कर्जाला दोन जामीनदार लागत, ते नेमके कोण घ्यायचे हे गुरुजी सुचवू लागले. या गटाच्या कर्जाला त्या गटाचा जामीन, त्याच्या घरबांधणीला याची सही. पाच वर्षांत अर्धा तालुका उरलेल्या अर्ध्या तालुक्याला जामीन होता आणि कुणालाही कुणाशी भांडणं परवडत नव्हतं. गुरुजी बिनविरोध चेअरमन झाले. त्यांना याची जरा खंतच वाटली. मतमोजणी हा त्यांच्या आवडीचा विषय.

जिल्हा परिषदेची निवडणूक 1979 नंतर जी रखडली, ती 1992 ला लागली. नोकरीत राहून उभं राहता येत नाही, म्हणून गुरुजींनी राजीनामा दिला. निरोपाला शाल-श्रीफळ झालं, पोरं रडली. त्यातली काही सहामाहीचे पेपर आता दुसरे गुरुजी तपासणार म्हणून रडली. समोरच्या उमेदवाराकडे कारखान्याच्या जीपा होत्या. गुरुजींच्या पिशवीत पंधरा वर्षांचे हजेरीपट होते, हातानं उतरवून घेतलेले. मतदानाचं वय 1989 ला एकविसावरून अठरावर आलं होतं आणि त्या पटावरची बरीच नावं आता मतदारयादीत उतरली होती. गुरुजी दारात उभे राहून नुसतं नाव पुकारायचे. आतून मिशीवाला गडी हातातली भाकरी टाकून "हजर, गुरुजी!" म्हणत बाहेर यायचा. भाषण त्यांनी एकच केलं. त्यातही मागं कुजबुज सुरू झाली तेव्हा ते थांबले, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "मागच्या बाकावर कोण बोलतंय?" सभा पटांगणात होती, बाक एकही नव्हतं. तरी चिडीचूप. समोरच्या उमेदवाराचा भाऊ तिथं पायावर पाय टाकून बसला होता, त्यानंसुद्धा पाय खाली घेतला.

जिल्हा परिषदेत गेल्यावर गुरुजींनी लाल पेन बाहेर काढलं. अधिकाऱ्यांच्या टिपणीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की गोल करून फाइल परत. 'पाणी पुरवठा योजना' हा शब्द तोडून लिहिला म्हणून एका गावाचं पाणी दोन महिने लांबलं असं सांगतात. ठेकेदारांचा समज असा झाला की गुरुजींनी फाइल अडवली म्हणजे काहीतरी हवं असणार. एक जण पाकीट घेऊन आला. गुरुजींनी पाकिटावरचा पत्ता वाचला, 'जिल्हा'ची वेलांटी दुरुस्त केली आणि पाकीट परत दिलं. तो पहिला काळ. पुढं ठेकेदारांनी टंकलेखक बदलले, टिपण्या शुद्ध येऊ लागल्या, तरी फायली अडायच्या काही थांबल्या नाहीत.

1997 ला गट महिलांसाठी राखीव झाला. गुरुजी बेफिकीर होते, घरात काकू होत्या. या काकूंची एक गोष्ट आहे. 1978 च्या गांधीजयंतीला प्रौढशिक्षणाची देशभर मोहीम निघाली, तेव्हा गावातल्या वर्गाचा पट भरेना म्हणून गुरुजींनी स्वतःच्या बायकोचं नाव घातलं होतं. नाव घातलं म्हटल्यावर काकू खरोखरच येऊन बसल्या आणि खरोखरच शिकल्या. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा गुरुजींचाच धडा. काकू निवडून आल्यावर गुरुजींनी ठरावांचा गठ्ठा पुढं ठेवला आणि बोट दाखवलं, "इथं सही." काकूंनी चूल विझवली, पदराला हात पुसले आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर त्यांनी विचारलं, "ह्यो रस्ता आपल्या मळ्यापाशीच का संपतो हो?" त्या पाच वर्षांत तालुक्यात दोन पुलांचं काम चांगलं झालं. गुरुजी त्या काळाविषयी फारसं बोलत नाहीत.

मोकळ्या वेळात त्यांनी शाळा काढली, कायम विनाअनुदानित. तिथले शिक्षक पगाराविना शिकवत आणि वर 'इमारत निधी'ला हातभार लावत. 2009 मध्ये सरकारनं त्यातला 'कायम' शब्द काढून टाकला. जन्मभर शब्द शिकवलेल्या गुरुजींना एका शब्दात किती पगार दडलेले असतात हे त्या दिवशी कळलं. पट मग भराभर फुगला. आणि 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी आली. एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटाला शाई. ज्या शाईनं आयुष्यभर मतदारांची बोटं रंगवली, तीच गुरुजींच्या दारात उभी. हजेरीपटावरच्या नावांपुढं त्या दिवशी "हजर" म्हणणारे बरेच कमी पडले. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला सांगू. मग ओणवं आठवलं आणि कमी आली.

खरा फटका मात्र 2018 ला बसला. शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या. त्याआधी उन्हाळा लागला की गुरुजींच्या ओट्यावर चपलांचा ढीग असायचा. नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला, सासू आजारी. निवडक प्रकरणं घेऊन गुरुजी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई गाठायचे, आकाशवाणी आमदार निवासात कुणाच्या तरी खोलीवर अंघोळ करायचे आणि दहाला मंत्रालयाच्या दारात हजर. त्या मे महिन्यात ओट्यावर फक्त त्यांच्या स्वतःच्या चपला होत्या. गडी म्हणाला, "गुरुजी, आता संगणकच बदली करतोय म्हणं." गुरुजी म्हणाले, "त्याला सासू कळते का?"

त्याच्या आदल्याच वर्षी ते पडलेही होते. पाडणारा त्यांचाच विद्यार्थी, माझ्या शेजारी ओणवा होता तो. त्याच्या मिरवणुकीचा फ्लेक्स चौकात लागला होता, 'हार्दीक अभिनंदन'. गुरुजींची गाडी तिथून पुढं गेली, थांबली, मागं आली. गुरुजी उतरले, बोटं झटकली, चहावाल्याकडून स्टूल मागून घेतलं आणि दुसऱ्या वेलांटीला लाल गोल करून शेजारी पहिली काढली. कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तालुकाभर एकच चर्चा, गुरुजी तिकडं चालले.

संध्याकाळी तो विद्यार्थी पेढे घेऊन पाया पडायला आला. गुरुजींनी पेढा घेतला, त्याला समोर बसवलं आणि म्हणाले, "चौथीत पण हाच शब्द चुकला होतास."

"व्हय गुरुजी."

"अभिनंदनाला आलेल्यांना आभाराचं पत्र कोण लिहिणार आहे तुझं?"

तो गप्प बसला. गुरुजींनी गड्याला हाक मारून चहा सांगितला, खिशातून लाल पेन काढलं आणि टोपण उघडलं.