पानठेल्यावरचा लिलाव

नोव्हेंबर 2025. तुमसरकडे धान कापून पडलेला, आणि पानठेल्यावर भाव ठरतोय रवींद्र जडेजाचा. आयपीएलच्या अदलाबदलीत चेन्नईने त्याला राजस्थानला दिलं, वर सॅम करनही, आणि संजू सॅमसन आणला. संजूचे 18 कोटी शाबूत. जडेजा 18 वरून 14 वर. ‘चार कोटीनं बुडवला गा भाऊ त्याले!’ खर्रा घोटता घोटता एकाने निकाल दिला. बाकीचे मनापासून हळहळले.

संघांच्या थैलीला मर्यादा कशाला, यावर तर परिसंवादच झाला. पैसा ज्याचा, खर्च त्याचा. मधात बोर्ड कोन? तशी मर्यादा या मंडळींना नवी नाही. आदल्या हंगामात धानाचा बोनस हेक्टरी 20,000 रुपये होता, तोही दोन हेक्टरांपर्यंतच. यंदाचा हमीभाव क्विंटलला 2,369. पण त्यासाठी सातबारा, नोंदणी, बारदाना आणि खरेदी केंद्र उघडण्याचा मुहूर्त असे सगळे ग्रह जुळावे लागतात. हा विषय कुणीतरी काढला खरा, पण दोन वाक्यांत आटोपला. कारण कोलकात्याने व्यंकटेश अय्यरला सोडल्याची बातमी आली होती. 23.75 कोटींचा माणूस, आता त्याचं कसं होणार?