यंत्रांची एकादशी

पुण्यात शनिवार-नारायण पेठेत जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर जो प्रेस असतो, त्याच्या मालकाचं पाळण्यातलं नाव काहीही असो, गिऱ्हाईक त्यांना नानाच म्हणतं. वय साठीच्या आगेमागे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक घडीचं भिंग. नखांत शाई. कोणत्या नखात निळी आणि कोणत्या नखात लाल, हे बघून जाणकार माणूस काल प्रेसमध्ये काय छापलं ते सांगू शकतो. "होऊन जाईल" हे नानांचं आश्वासन आणि "संध्याकाळी फोन करून या" ही त्यांची मुदत. संध्याकाळ कोणत्या दिवसाची, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि नाना आपण होऊन सांगत नाहीत.

नानांचा प्रेस म्हणजे तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब. कोपऱ्यात ट्रेडल. खिळे जुळवायचं काम कधीच संपलं, खिळे भंगारात वजनावर गेले, जुळारी निवृत्त झाले, पण ट्रेडल टिकलं. आता ते बिलबुकांवर नंबर टाकतं आणि पावती फाडायच्या रेघेवर भोकं पाडतं. मधोमध चेक बनावटीचं सेकंडहँड ऑफसेट, नानांकडे येण्यापूर्वी एक पूर्ण नोकरी करून आलेलं. आणि पुढे काचेच्या केबिनमध्ये डिजिटल मशीन, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. अख्ख्या प्रेसमध्ये एसी फक्त त्याला. नानांना टेबलफॅन.

दसऱ्याला तिघांची सारखीच पूजा होते. तेलपाणी, झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, हळदकुंकू, पेढे. दुसऱ्या दिवशी एकादशी. माणसांचा उपास साबुदाण्यावर निभतो. यंत्रांनी मात्र यंदा कडकडीत धरला.

त्यात दिवाळी तोंडावर. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर अंकही मागतो. संपादक मात्र श्रावणात द्यायचा मजकूर नवरात्र उलटल्यावर देतात, हे 'तेव्हापासून' की नंतर सुरू झालं, याबद्दल नानांचं स्वतंत्र संशोधन आहे. ते इथे छापण्याजोगं नाही.

सकाळी दहाला पहिले आले ते कवी. बँकेतून निवृत्त, संग्रह पहिलाच, प्रती फक्त 50, प्रकाशन रविवारी, हॉल ठरलेला, प्रमुख पाहुण्यांनी होकारही दिलेला. प्रेसमधल्या पोराने डिजिटल मशीन चालू केलं. पडद्यावर अक्षरं आली: कागद अडकला आहे. पोराने एकेक झाकण उघडलं. आत कागद नव्हता. सगळी झाकणं लावली. कागद अडकला आहे. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. अर्ध्या जगाच्या दुखण्यावर आता हाच उतारा आहे, पण इथे तोही लागू पडेना. कंपनीच्या नंबरावर फोन लावला, तर एका मंजुळ आवाजाने तक्रार नोंदवून घेतली आणि नानांना एक बारा आकडी क्रमांक दिला.

नानांचा या मशीनवर राग आहे तो इथेच. ट्रेडल कोरडं पडलं की चरचरतं, कुठे तेल हवं ते कानाला कळतं. ऑफसेट नीट चालत असलं की 'खट्टाक-फुस्स, खट्टाक-फुस्स' असा ठेका धरतं. समोरच्या अमृततुल्यात बसून नाना त्यातलं 'फुस्स' मोजतात, आणि ते जरा लांबलं की चहा टाकून उठतात, कारण हवेने कागद उचलणाऱ्या नळ्यांत कचरा गेलेला असतो. डिजिटल मशीन असं काही करत नाही. ते शुद्ध मराठीत बोलतं, आणि खोटं बोलतं.

कवी खुर्चीत बसून घड्याळ बघू लागले. अशा वेळी नाना इतिहास काढतात. माणूस बघून इतिहास. कवींना गणपत कृष्णाजी मिळाले: मुंबईत त्यांनी शिळाछापाचं यंत्र उभं केलं आणि 1831 साली छापील पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवेनात, तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरलं, असं सांगतात. "तुपाची शाई!" कवी म्हणाले आणि त्यांनी वही काढली. नानांचा अर्धा तास निघाला.

उरलेला अर्धा तास बाइंडिंगच्या मावशींनी वाचवला. त्या उरलेले पेढे न्यायला केबिनमध्ये आल्या होत्या. वाकून आत बघत म्हणाल्या, "नाना, काल तुम्ही कुंकू इथंच लावलं होतं नव्हं?" कागद पुढे सरकला की नाही हे बघायला अशा मशीनमध्ये प्रकाशाचे छोटे सेन्सर असतात, आणि प्रकाशाची वाट अडली की मशीन समजतं, कागद इथेच आहे. नानांना काल ती काळी काच म्हणजे यंत्राचा डोळा वाटली होती. देवाच्या मूर्तीला लावावं तसं त्यांनी भक्तिभावाने बोट टेकवलं होतं. कापसाच्या बोळ्याने कुंकू पुसलं आणि मशीन कविता छापू लागलं. पोराने आवाज न करता हसायचा प्रयत्न केला.

इकडे ऑफसेटवर वेगळंच पर्व चालू होतं. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ लावलेलं. रात्रभर परतीचा पाऊस कोसळलेला. छपाईच्या कागदाला हवेत 50-55 टक्के दमटपणा मानवतो. पाऊस काही हे विचारून येत नाही. रिमांच्या कडांना लाटा आल्या होत्या आणि एका वेळी दोन-दोन कागद चिकटून आत जात होते. दोन कागद गेले की मशीन थांबतं. मशीनमन गठ्ठा फुलवून त्यात हवा भरतो, पुन्हा लावतो. पुन्हा दोन जातात.

ते जमतंय तोवर छाप मळायला लागली. ऑफसेटचं सगळं गणित तेलकट शाई आणि पाणी यांच्या वैरावर चालतं. झेनेफेल्डर नावाच्या माणसाने अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत दगडावर हे करून दाखवलं, आता तेच ॲल्युमिनियमच्या प्लेटवर होतं: अक्षर-चित्राच्या जागी शाई धरते, कोऱ्या जागी पाणी. त्या पाण्यात औषध घालून ते किंचित आंबट ठेवावं लागतं. सकाळी नळ आला नव्हता. मशीनमनने निमूटपणे बोअरचं पाणी ओतलं. त्या जड पाण्याने आंबटपणाचा हिशेब बिघडवला आणि कोऱ्या जागेवरही शाई धरू लागली. मुखपृष्ठावरच्या नऊवारीतल्या बाईंच्या हातातली शुभ्र रांगोळी पिवळसर झाली. बाईंचा चेहराही जरा तसाच.

नेमके तेव्हाच संपादक आले. त्यांना रुबेल मिळाला. आयरा रुबेल, अमेरिकेतला छापखानेवाला. 1904 च्या सुमारास त्याच्या मशीनमध्ये कागद घालायचा राहिला, छाप रबराच्या सिलिंडरवर उमटली, आणि पुढचा कागद त्या रबरावरून छापला गेला तो नेहमीपेक्षा स्वच्छ निघाला. आज जगभर चालणारं ऑफसेट तिथून आलं. "म्हणजे बघा," नाना म्हणाले, "एका खाड्यातून केवढी प्रगती."

"पण आपली रांगोळी पिवळी का?" संपादक म्हणाले. सगळ्याच गिऱ्हाइकांना इतिहासात रस नसतो.

मग नानांनी दमटपणावर ठपका ठेवला. पाण्याचं नाव काढलं नाही. मशीन आपलं, पाणी आपलं, मशीनमनही आपला. हवा तेवढी कोणाचीच नाही. खरं तर या धंद्यात दिवसाचं अर्धं कसब, बिघाड कोणाच्या नावावर टाकायचा हे ठरवण्यात जातं, आणि नानांएवढ्या सफाईने ते करणारा माणूस पेठेत दुसरा नसेल.

मधेच एक होऊ घातलेले नगरसेवक येऊन गेले. त्यांना निवडणुकीची पत्रकं हवी होती, विरोधकाबद्दल, आणि खाली प्रकाशकाचं नाव नको होतं. रोलर पुसता पुसता नानांनी त्यांना 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं 127 क हे कलम म्हणून दाखवलं: मुद्रक आणि प्रकाशक दोघांचीही नावं-पत्ते पत्रकावर पाहिजेत, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गृहस्थ म्हणाले, "दोन हजारच ना?" नानांनी त्यांना संध्याकाळी फोन करून यायला सांगितलं.

दुपारी दोनला वीज गेली. एकादशीच्या घरी शिवरात्र. ऑफसेटच्या रोलरांवर शाई तशीच राहिली, म्हणजे वाळणार, म्हणजे रॉकेलने धुणं आलं. डिजिटल मशीन चौतिसाव्या प्रतीवर निजलं. इन्व्हर्टरवर फक्त एक कॉम्प्युटर चालतो. त्यावर पोरगा लग्नपत्रिकेतला 'दुसऱ्या' दुरुस्त करत बसला. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला युनिकोडमधला मजकूर प्रेसच्या जुन्या फाँटात नेला की अर्ध्या 'ऱ्य'चं किंवा रफाराचं काय होईल हे सांगता येत नाही. वधूपिता 'कुलकर्ण्यांचे' ऐवजी भलतंच काहीतरी वाचून हादरले होते.

आणि इथे नानांचे डोळे चमकले. ट्रेडलला मोटर नंतर बसवलेली आहे. पट्टा काढला की पायाने चालवता येतं. नानांनी बाह्या सरसावल्या, चप्पल काढली आणि हार्डवेअरवाल्या शेठच्या बिलबुकांवर नंबर टाकायला स्वतः उभे राहिले. अंधारात तो ठेका ऐकून शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला. नाना उजव्या हाताने कागद घालत होते, डाव्या हाताने काढत होते, पाय चालू होता, आणि तोंडाने, वीज नव्हती तेव्हा काय पुस्तकं निघत नव्हती का, हा प्रश्न चालू होता.

1439 नंतर 1440 यायला हवा. नंबर टाकायच्या डबीतलं दशकाचं चाक जुन्या शाईने घट्ट बसलं होतं. एककाचं फिरलं, दशकाचं नाही. पुन्हा 1430 आला. मग 1431. हे नानांच्या नव्हे, मावशींच्याच लक्षात आलं, आणि तोवर तेच दहा नंबर फिरून फिरून बऱ्याच पावत्यांवर चढले होते. जीएसटीच्या नियमाप्रमाणे एका आर्थिक वर्षात एक बिल-क्रमांक दोनदा येता कामा नये. डबी रॉकेलात बुडवली. जुन्या टूथब्रशने घासली. शेठजींचा फोन आला तेव्हा नाना म्हणाले, "हवेत दमटपणा फार आहे हो."

साडेपाचला वीज आली. नानांनी वीस लिटरचा पिण्याच्या पाण्याचा जार मागवला आणि तो पूर्ण ऑफसेटला पाजला. माणसांनी बोअरचं प्यायलं. सातच्या सुमारास रांगोळी पांढरी झाली, बाईंचा चेहरा उजळला, 'खट्टाक-फुस्स' लागलं, आणि सकाळपासून फोन न उचलणारा मेकॅनिक हेल्मेट काखेत मारून दारात उभा राहिला. दोन मिनिटं त्याने डोळे मिटून मशीन ऐकलं. "चांगलं चाललंय की," म्हणाला आणि फेरीचे पैसे घेऊन गेला.

आठ वाजता कवींना त्यांच्या 50 प्रती मिळाल्या, वर तीन जास्त. त्यांनी पहिल्या पानाचा वास घेतला, पैसे मोजून दिले आणि पक्कं बिल मागितलं, कारण संस्थेकडून काही मदत मिळायची होती.

नानांनी टेबलाचा खण उघडला. मग खालचा उघडला. मग मावशींकडे बघितलं, मावशी पोराकडे बघू लागल्या.

"आमचं बिलबुक गणपतीतच संपलंय," नाना म्हणाले. "छापायला टाकलंय."