सिंगल ओनर, डॉक्टर यूज

(रंगमंचावर एक प्लास्टिकची खुर्ची. तो तीवर बसून हवेत गिअर टाकतोय, तोंडानं इंजिनचा आवाज. तिसरा गिअर पडतो, आवाज चढतो, आणि मोबाइल वाजतो.)

थांबा, बाबांचा फोन आहे. (कट करतो.) नंतर बोलतो. काय विचारणार ते माहितीय.

वय 23. गाव सांगली, मुक्काम पुणे. बजेट साडेचार लाख. आणि पाहिजे काय, तर हॉट हॅच. दिसायला एवढीशी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावणारी, आणि कात्रजच्या घाटात पाठ सीटला चिकटवणारी. सेकंडहँडच. नवी घ्यायची तर किडनी विकावी लागेल, आणि तीही सिंगल ओनर आहे.

घरी सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"किती देती?"

म्हटलं बाबा, 145 घोड्यांची ताकद देते.

"ते असू दे. लिटरला किती देती?"

आत्याचा प्रश्न वेगळा. "या वयात एवढी पळणारी गाडी?" आत्या, विमा कंपनी माझं वय विचारत नाही! हजार ते पंधराशे सीसी, थर्ड पार्टी, वर्षाला 3,416 रुपये अधिक जीएसटी. मी चालवली काय नाहीतर माझ्या आज्यानं चालवली काय. वय फक्त तू विचारतेस, आणि तुझा हप्ता दर दिवाळीला भरावा लागतो.

आत्याचा मुलगा, म्हणजे आमचे बंधुराज. काळी स्कॉर्पिओ, मागच्या काचेवर 'राजे'. कोणाचे राजे? बारावीला तीन अटेम्प्ट! हा मला म्हणतो, "हॅचबॅक? ती बायकांची गाडी." अरे, तुझ्या गाडीचे हप्ते तुझी बायको भरते, मग तुझी कोणाची?

असो. माझं पहिलं प्रेम अबार्थ पुंटो. 2015 ला आली. 1.4 टर्बो, 145 घोडे, शंभरचा वेग नऊ सेकंदांच्या आत. आणि जन्म कुठला? इटली? छ्या! रांजणगाव एमआयडीसी. महागणपतीच्या शेजारी तयार झालेली गाडी, तिच्यात विघ्न कसलं? तर जमिनीपासून उंची 155 मिलिमीटर. पुण्यातला स्पीडब्रेकर त्याहून उंच. ती शंभरला नऊ सेकंदांत पोचते आणि सोसायटीच्या गेटमधून आत यायला पंधरा मिनिटं घेते. आणि ती आता बनत नाही. बंपर फुटला की पार्ट शोधायला पंढरीची वारी.

दुसरी पोलो जीटी टीएसआय. ही चाकणची. 1.2 टर्बो, 105 घोडे, सात गिअरचा डीएसजी. क्लच दोन, गिअर बदललेला कळतसुद्धा नाही. मिस्त्रीला विचारलं तर तो नुसता हसला. म्हणाला, "गिअर बदललेला कळत नाही, गिअरबॉक्स बदललेला कळतो." कोरडे क्लच, हिंजवडीचं ट्रॅफिक, मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू, गेला की खर्च लाखाच्या पुढं.

तिसरी बलेनो आरएस. 2017 ची, एक लिटर टर्बो, 102 घोडे, चारही चाकांना डिस्क ब्रेक. मारुती म्हटल्यावर बाबा खूश. पण दिसते शेजारच्या काकूंच्या बलेनोसारखीच. मी सिग्नलवरून सुसाट सुटलो तर लोक म्हणणार, काकूंचा ब्रेक फेल झाला!

आणि या सगळ्यांच्या मध्ये उभा आहे एजंट.

(गालात गुटखा धरल्यासारखा आवाज.) "सायेब, गाडी बघायची गरजच नाय. डॉक्टरची आहे."

पहिली पोलो, डॉक्टरची. दुसरी पोलो, डॉक्टरची. वाकडला बलेनो आरएस, डॉक्टरीणबाईंची. "सायेब, फक्त घर ते दवाखाना." म्हटलं, घर कुठं? "वरती." आणि दवाखाना? "खालती."

(थांबतो.)

78,000 किलोमीटर! जिन्यावरनं?

"इमर्जन्सी असत्यात ना, सायेब."

पुढची गाडी. काचा काळ्या, आत लाल लाइट, सायलेन्सर बंबाएवढा. चालू केली तर समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. म्हटलं, हे डॉक्टर कशाचे?

"कानाचे."

आता मला कळलं सरकारी दवाखान्यात डॉक्टर का सापडत नाहीत. सगळे वाकडला गाड्या विकतायत! वकिलाची गाडी कधी ऐकलीत? नाही. एजंट घेतच नाही, कारण वकील कागद वाचतो. मास्तरांची? मास्तर विकत नाहीत, पोराला देतात आणि पोराला आयुष्यभर ऐकवतात. पोलिसाची? (इकडं तिकडं बघतो.) पुढं जाऊ.

आणखी एक गाडी. मीटर म्हणतं 38,000. क्लचच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत, स्टेअरिंगवर कातडं शिल्लक नाही. टायरवर चार आकडे असतात बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. पुढचे टायर 2021 चे, मागचे 2018 चे, स्टेपनी 2014 ची. एजंटला विचारलं. "सायेब, डॉक्टर एकेक टायरला वेगळी ट्रीटमेंट द्यायचे."

शेवटी एक सापडली. पांढरी पोलो, 2015 ची, पॉलिश अशी की भांग पाडावा. किंमत? चार लाखाच्या आत! मी आत बसलो. मिस्त्रीनं सांगितलं होतं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. ओढला. वरचा पट्टा काळाभोर, स्वच्छ. आणखी ओढला. अगदी शेवटी, जो भाग कोणी कधी बघत नाही, तिथं वीतभर पिवळट रेघ. विणीत बसलेली माती. नाकाशी धरला.

(आवाज खाली येतो.)

सांगलीकराला तो वास ओळखायला मिस्त्री लागत नाही. ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट, आणि कृष्णा 57 फुटांवर. आमच्या गल्लीत बाबांची वॅगनआर टपापर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर बाबांनी दार उघडलं आणि हातानं गाळ काढत बसले. म्हटलं बाबा, राहू दे, टोटल लॉस आहे. ऐकेनात. डॅशबोर्डवरचा गणपती सापडला, तो नळाखाली धुतला, खिशात ठेवला. विम्याची क्रेन आली, तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत गाडीच्या मागं चालत गेले. नेहमी 'किती देती' विचारणारा माणूस. त्या दिवशी काही विचारलं नाही.

अशा गाड्या लिलावात जातात, कुठंतरी धुतल्या जातात, आणि वाकडला येऊन चमकतात. मी पट्टा एजंटसमोर धरला. म्हटलं, ही पुरातली गाडी आहे.

(गुटख्याचा आवाज.) "सायेब... डॉक्टर नदीकाठी राहायचे."

(मोबाइल वाजतो. उचलतो.) हां बाबा. नाही घेतली. पुरातली होती. हो, आपल्याकडचीच असेल. ... (ऐकतो.) बाबा, जी घेतलीच नाही ती किती देती म्हणून काय करायचंय तुम्हाला?

तर माझा निकाल ठरलाय. डीएसजी नको. साडेचार लाखवाल्यानं लाखाच्या गिअरबॉक्सशी जुगार खेळू नये. पोलो जीटी टीडीआय, पाच गिअर, आपल्या हातानं टाकायचे. चार लाखाची गाडी, पन्नास हजार खिशात, कारण पहिल्या महिन्यात टायर, बेल्ट आणि क्लच तेवढे खातातच. डिझेल आहे म्हटल्यावर बाबासुद्धा कबूल झाले, चष्मा न काढता.

आता प्रेक्षकांना एक विनंती. अशी गाडी कोणाकडे असेल, आरसीवर बँकेचा बोजा नसेल, चलनं भरलेली असतील आणि फॉर्म 29, 30 वर सही करायची तयारी असेल, तर प्रयोगानंतर रंगपटात येऊन भेटा. चहा माझ्याकडून. वकील असलात तर दहा हजार जास्त देईन.