प्लग बघू!

खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण पॉलिश पेपरचा तुकडा असतोच. रुमाल नसतो, कारण तो काळा होऊन केव्हाच स्कूटरच्या डिकीत गेलेला असतो. पुण्यातल्या प्रत्येक वाड्यात, आणि वाडा पाडून झालेल्या प्रत्येक सोसायटीत, असे एक काका असतात. नोकरी बँकेत किंवा जिल्हा परिषदेत झालेली, यंत्रांशी अधिकृत संबंध शून्य. पण पावसाळी सकाळी खाली कुणी ओळीने चौथी किक मारली, की वरच्या गॅलरीतून आवाज येतो, "थांब! मारू नकोस. ओव्हरफ्लो होईल." आणि प्लग पाना घेऊन काका जिना उतरू लागतात.

पेट्रोल आहे का, कॉक उघडा आहे का, असले प्रश्न काका विचारत नाहीत. ते सामान्यांचे प्रश्न. ते थेट उजव्या बाजूचं झाकण काढून प्लगला हात घालतात. पुष्कळदा असंही होतं, की प्लग निघतो, घासला जातो, परत बसतो, आणि तेवढ्यात गाडीचा मालक गुपचूप कॉक फिरवतो. गाडी सुरू होते. "बघ, प्लगच होता," काका म्हणतात. कॉकबद्दल बोलण्याची कुणाची छाती होत नाही.

प्लग बाहेर आला की चष्मा कपाळावर जातो आणि मालकाची चौकशी सुरू होते. टोकावर कोरडी काजळी असेल तर, "चोक ओढतोस आणि तसाच ठेवतोस. घरातले दिवेही असेच राहत असतील." ओला, तेलकट असेल तर, "पंपावर ऑइल जास्त घातलंस. टू-स्ट्रोकला दोन टक्के पुरे. तूप आहे का ते?" पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिन तापतंय, शिवाय "पळवत असशील." निदान बहुतेक बरोबर असतं, हे कबूल केलं पाहिजे. प्लगचं टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापलं की काजळी आपोआप जळून जाते. पेठेतून पेठेत जाणाऱ्या स्कूटरला तेवढं तापायला सवड मिळत नाही, म्हणून प्लग कार्बन धरतो. चुकून एखादा प्लग छान तपकिरी निघाला तर काकांचा चेहरा पडतो. त्यावर बोलण्यासारखं काही नसतं.

मग करंटची परीक्षा. प्लग टोपीत खोचून त्याचं बूड इंजिनाच्या धातूला टेकवायचं आणि किक मारून निळी ठिणगी पडते का ते पाहायचं. हे एकट्यालाही जमतं. पण काका म्हणतात, "तू धर, मी मारतो." धरणारा किंचाळून दोन पावलं मागे उडतो. "कॉइल चांगली आहे," काका शांतपणे नोंदवतात.

दुसऱ्याच्या प्लगबद्दल ते निष्ठुर असतात. इलेक्ट्रोडच्या कडा जरा गोल झालेल्या दिसल्या, की "टाकून दे" हा निकाल. इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर टू-स्ट्रोकमध्ये सेकंदाला पन्नास ठिणग्या पडतात. टोक झिजणार, फट वाढणार, ठिणगी अडखळणार, हे ते बोटांवर मोजून पटवतात. स्वतःच्या चेतकच्या प्लगला मात्र हे गणित लागू नसतं. त्याची फट मोठी झाली की काका वरचा इलेक्ट्रोड फरशीवर हलकेच ठोकतात आणि फटीत एक्सा ब्लेड सरकवून पाहतात. फट हवी ०.६ मि.मी.; ब्लेडची जाडी जवळजवळ तेवढीच. "अजून एक पावसाळा काढेल," असं त्याच्याबद्दल निदान तीन पावसाळे म्हटलं जातं.

शेवटी नाना पेठेत जाऊन नवा प्लग आणण्याची वेळ येतेच. दुकानदाराला चार खोकी उघडायला लावून आटे, चिनीमातीवरची छपाई, खोक्यावरची अक्षरं तपासली जातात, डुप्लिकेट नको. नवा प्लग आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवायचा, मगच पाना, नाही तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात, हा धडा काउंटरवरच्या पोऱ्यालाही फुकट मिळतो. जुना प्लग चिंधीत गुंडाळून डिकीत जातो. स्पेअर म्हणून! म्हणजे डिकीतला प्लग हा नियमानेच इंजिनातल्या प्लगपेक्षा वाईट. दिवेघाटात गाडी बंद पडली तेव्हा या व्यवस्थेची कसोटी लागली. पहिला घासला, दुसरा घासला, पुन्हा पहिला. काकूंनी तेवढ्यात एसटीला हात केला, जेजुरीला जाऊन दर्शन घेतलं, आणि परतीच्या एसटीच्या खिडकीतून त्याच वळणावर बसलेल्या काकांना भंडाऱ्याची पुडी दाखवली.

आकुर्डीच्या कारखान्याने १९७२ साली चेतक आणली आणि लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले, तो काकांचा सुवर्णकाळ. पुढे त्याच कंपनीने २००३ मध्ये पल्सरच्या एका सिलिंडरला दोन प्लग दिले आणि २०१२ मध्ये एका मॉडेलला चक्क तीन, तेव्हा काकांना कुणीतरी आपलं ऐकल्यासारखं वाटलं. पण बंदच पडेनात! २०१९ मध्ये चेतक परत आली ती विजेवर. शोरूममध्ये काकांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, "मग बिघडली तर बघायचं काय?"

हल्ली पुतणीची ॲक्टिव्हा सर्व्हिसिंगला गेली की काका सोबत जातात. पोरगं म्हणतं, प्लग बदललाय. काका जुना परत मागतात. पोरगं कचऱ्याच्या डब्यातून शोधून देतं. चेतकचा प्लग १४ मि.मी.चा, हा १० मि.मी.चा. "एवढासा? याने काय डोंबल पेटणार!" असं म्हणत काका तो पुसतात आणि खिशात टाकतात.

"काका, तुमच्या गाडीला हा बसतसुद्धा नाही," पुतणी म्हणते. "कशाला घेताय?"

"सोसायटीत अकरा ॲक्टिव्हा आहेत," काका म्हणतात. "एखादी तरी पडेल ना बंद!"