वन डाऊनचा वाद

तिसऱ्या क्रमांकाचा सर्वश्रेष्ठ कसोटी फलंदाज कोण, यावर भांडायला बसलेल्या मंडळींचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘ब्रॅडमनला सोडून बोला.’ त्याला इलाजही नाही. तिसऱ्या क्रमांकावर १०३च्या वर सरासरी असलेला माणूस चर्चेत ठेवला, तर चहा यायच्या आत चर्चा आटोपते आणि उरलेल्या संध्याकाळचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा सर डॉनना मानाच्या खुर्चीत बसवायचं आणि आपण खाली भांडायचं.

मग मोबाइल निघतात. संगकारा : तिसऱ्या क्रमांकावर साडेअकरा हजारांहून जास्त धावा, सरासरी साठच्या वर. नुसते आकडेच बघायचे तर निकाल इथेच लागतो. पाँटिंगवाले ‘पुल बघा, पुल!’ म्हणून आवाज चढवतात. एखादा लाराभक्त ३७५ आणि नाबाद ४०० या दोन्ही खेळी वन डाऊनच्याच, हे हुकमाचं पान टाकतो. लारा जास्त करून चौथ्या क्रमांकावर खेळला, हे कुणी काढलं की जरा गप्प होतो. स्टेट बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मात्र अजित वाडेकरांवरून हलत नाहीत. वाडेकरांचं कसोटी शतक एकच, १९६८चं, वेलिंग्टनचं. पण हे त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. ‘मेलबर्नला नव्व्याण्णव आहेत, ते कोण धरणार?’ असं ते विचारतात. एका धावेसाठी खातेदाराला अडवायचं नाही, हा बहुधा त्यांचा नोकरीतला जुना बाणा असावा.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट येतच नाही, ती म्हणजे वाट बघणं. सलामीवीराला आपण कधी मैदानात जाणार ते ठाऊक असतं. पाचव्या क्रमांकाचा गडी पॅड न बांधता निवांत पेपर वाचू शकतो. तिसरा म्हणजे रेल्वेच्या वेटिंग लिस्टवरचा पहिला. तिकीट आत्ता कन्फर्म होईल की दिवसभर होणार नाही, देव जाणे. दुसऱ्याच चेंडूवर विकेट पडली, तर तो बिनपगारी सलामीवीर; चेंडू लाल, करकरीत, आणि स्लिपमध्ये चार जण हात चोळत उभे. दोनशेवर पडली, तर त्याच माणसाने भराभर धावा कराव्यात अशी अपेक्षा. त्यात पुन्हा नशीब असं की, मोहिंदर अमरनाथने १९८२-८३च्या हंगामात पाकिस्तान आणि वेस्ट इंडिजच्या तोफखान्याला पाच शतकं ठोकली आणि त्याच वेस्ट इंडिजविरुद्ध पुढच्या हिवाळ्यात घरी सहा डावांत मिळून एक धाव केली. एक! शून्य असतं तर निदान गोल तरी दिसलं असतं.

त्याच मालिकेत मद्रासला गावसकर सलामी सोडून चौथ्या क्रमांकावर आले. मार्शलने दोघांना असं झटपट परत पाठवलं की गावसकर खेळपट्टीवर पोचले तेव्हा फलकावर शून्यच होतं. तिथून त्यांनी नाबाद २३६ केल्या. हे त्यांचं तिसावं शतक, म्हणजे ब्रॅडमनचा २९चा विक्रम मोडणारं. क्रमांक हा प्रकार किती मनावर घ्यायचा, हे त्या दिवशी ठरायला हरकत नव्हती. पण वाद घालणारे असं काही शिकत नसतात.

त्यांची आणखी पंचाईत पुढे आहे. ब्रॅडमनची सर्वांत थोर खेळी कोणती? विस्डेनने २००१च्या यादीत पहिलं स्थान दिलं ते मेलबर्नच्या, १९३७च्या २७०ला. ओल्या खेळपट्टीवर त्यांनी शेपटाला आधी पाठवलं आणि स्वतः सातव्या क्रमांकावर आले. आणि कोलकाता, मार्च २००१? फॉलोऑन मिळाल्यावर लक्ष्मणला सहावरून तीनवर आणलं आणि द्रविडला तीनवरून सहावर ढकललं. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, भागीदारी ३७६ची. चौथा अख्खा दिवस दोघं बाद झाले नाहीत. शतक झाल्यावर द्रविडने बॅट पत्रकारांच्या कक्षाकडे रोखली. द्रविड चिडल्याचे पुरावे फार नाहीत. त्यातला हा एक. गंमत म्हणजे त्याच मालिकेत पाँटिंग बहुतेक वेळा सहाव्या क्रमांकावर येऊन पाच डावांत १७ धावा करत होता. काही महिन्यांनी इंग्लंडमध्ये त्याला तिसऱ्या क्रमांकावर धाडलं आणि लीड्सला त्याने १४४ केल्या.

द्रविड आणि पाँटिंगचा सामना एकदा समोरासमोर लागला, ॲडलेडला, डिसेंबर २००३मध्ये. ऑस्ट्रेलिया ५५६, त्यात पाँटिंगच्या २४२. भारत ४ बाद ८५. मग पुन्हा तेच दोघे, द्रविड आणि लक्ष्मण, ३०३ची भागीदारी. द्रविडने शतक गाठलं ते गिलेस्पीला हुक मारून, षटकाराने. बचावाच्या फटक्यांचा हा देवमाणूस शतकाच्या उंबऱ्यावर हुक मारतो, याचा धक्का मला अजून पुरता ओसरलेला नाही. त्या २३३ होत्या. दुसऱ्या डावात आगरकरने सहा बळी घेतले, त्यात पाँटिंग शून्यावर. २३० धावांच्या पाठलागात द्रविड शेवटपर्यंत उभा होता, नाबाद ७२. मॅकगिलला कट मारून त्याने सामना संपवला. सीमेपलीकडे गेलेला तो चेंडू कर्णधार स्टीव्ह वॉने स्वतः उचलून आणला आणि द्रविडच्या हातात दिला. प्रतिस्पर्ध्याने दिलेलं इतकं सरळ प्रमाणपत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

म्हणून माझं मत द्रविडला. कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळून काढलेला माणूस. तीनवर बस म्हटलं तर बसला, सहावर जा म्हटलं तर गेला, सलामीला ये म्हटलं तर तिथेही आला. द्रविडच्या घरी मराठी बोलतात म्हणून हा पक्षपात, असा आरोप होईल. होऊ दे, थोडंफार तथ्य असेलही. निदान वाडेकरवाल्यांनी तो करू नये.

पुजाराचं नाव राहिलं, हे माझ्या लक्षात आहे. जानेवारी २०२१मध्ये ब्रिस्बेनला हेल्मेटपासून बोटांपर्यंत सगळीकडे चेंडू झेलत त्याने २११ चेंडूंत ५६ केल्या आणि मग इतरांनी सामना जिंकला. त्याला माझा दुसरा क्रमांक द्यायची तयारी आहे. पाँटिंगवाल्यांना एवढ्यात कळवू नका.