कारण कवीला निसर्ग आवडतो

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची. तिच्यावर आजवर समीक्षकांनी ओतलेली शाई तिच्यातल्या डोहात सोडली असती, तर शेजारची चार घरं हलवावी लागली असती. पण माझ्या वाट्याला समीक्षक येत नाहीत, पेपरांचे गठ्ठे येतात. रसग्रहण करा, गुण अमुक.

‘बालकवी हे थोर निसर्गकवी होते.’ बरं. ‘त्यांना निसर्गाची अतोनात आवड होती.’ असेल. ‘त्यामुळे त्यांच्या कवितेत निसर्ग ओसंडून वाहतो.’ आणि लगेच निकाल: ‘यावरून ते निसर्गकवी होते हे सिद्ध होते.’ परिच्छेद संपला. कवितेतलं पानसुद्धा हललं नाही.

हुशार मुलं पुरावा आणतात, पण बाहेरून. बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, अठ्ठावीस वर्षंही पुरी नव्हती. सबब कवितेत मृत्यूची चाहूल आहे. अरे बाबा, कविता आधी, गाडी नंतर! आठ ओळींत झरा आहे, शेतं आहेत, डोह आहे. रूळ कुठेत?

काहीजण चार ओळी जशाच्या तशा उतरवतात, खाली ‘या ओळी फारच हृदयस्पर्शी आहेत’ असं लिहून पुढच्या मुद्द्याकडे पळतात. नवरदेव मांडवात आणून बसवायचा आणि लग्न न लावताच पंगत उठवायची, त्यातली गत.

एका पोरीनं मात्र पहिल्याच वाक्यात पंगा घेतला: ही कविता माणसांकडे पाठ फिरवते. म्हटलं, दाखव. तिनं दाखवलं. गाव आहे, पण ते पलीकडे, टेकडीकडे. पांढरी पायवाट त्या गावात शिरताना दिसत नाही. हिरव्या कुरणातून निघते ती काळ्या डोहाकडे. हिरवा, पांढरा, काळा, असे रंगही तिनं ओळीनं लावून दिले. वर स्वतःच हरकत घेतली: हे सगळं उदास म्हणावं, तर त्या काळिम्याला कवी गोड का म्हणतो? आणि झाड पाण्यात पाय सोडून कसं बसतं? तिचं म्हणणं, हा काळोख भिववत नाही, बोलावतो. झाड निवांत आहे.

मला पटलं नाही. माझ्या मते झाड हताश आहे. पण हिच्याशी भांडता तरी येतं. ‘फारच हृदयस्पर्शी’शी कोण भांडणार? मी भरघोस गुण दिले.

मॉडरेटरसाहेबांनी नेमका तोच पेपर उचलला. “आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये... मथळे कुठेत?”

“मथळे नाहीत, साहेब. नुसतंच उत्तर आहे.”

त्यांनी नाक मुरडून वाचायला घेतलं. संपवलं. पुन्हा वरून सुरुवात केली.

“बरोबर आहे की पोरीचं. झाड निवांतच आहे.”

“हताश आहे, साहेब.”

“काहीतरीच काय! बसलंय कसं ते बघा ना!”

डबे उघडेपर्यंत पुढचा एकही पेपर तपासून झाला नाही.