यमाला ऐकवायची नावं

हल्ली बारशाआधी घरात नावांची पुस्तकं येतात. अर्थ देवाचा किंवा उजेडाचा हवा, आणि शेजारच्या बाळासाठी सुचलेलं नाव नको. या चाळणीतून धोंडू, दगडू, केरू, भिकू पहिल्याच झटक्याला खाली पडतात. पण ही नावं पाहुण्यांसाठी नव्हतीच. ती यमाला ऐकवायची होती. ज्या घरात मुलं लागोपाठ दगावत, तिथे पुढच्या मुलाचं नाक टोचून नथ घालायची नि नथू म्हणायचं. कुणाला उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलायचं, की झाला केरू. दगड नि केर न्यायला रेड्यावर बसून इतक्या लांब कोण येतो, हा साधा हिशेब. यम नावावरून माल ओळखतो, पुडा उघडून बघत नाही, अशी पक्की खात्री! आता धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली, १०४ वर्षांचे होऊन गेले. एका धोंड्यावर सिद्धांत उभा राहत नाही, हे मान्य. पण पुण्यात लोक गणपतीच्या दर्शनालासुद्धा ‘दगडूशेठला जाऊन येतो’ असंच म्हणतात, म्हणजे नावाने कुणाचं अडलेलं दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, हे कौतुक कसलं, असली नावं खालच्या मानलेल्या जातींवर लादलेली होती. आक्षेप खराच आहे. शूद्राचं नाव तुच्छतादर्शक असावं, असं मनुस्मृतीच सांगते. कुणाच्या घरी दगडू मायेपोटी आला नि कुणाच्या घरी हुकमाने, ते नावाच्या शेपटावरून कळतं: एकाचा दगडूशेठ होतो, दुसरा म्हातारा झाला तरी गावाला दगड्याच. मुलगी नको होती म्हणून ठेवलेल्या ‘नकुशी’ या नावाला तर या चकव्यात धरूच नये. तिथे फसवाफसवी नाही, मनातलं तोंडावर सांगणं आहे. २०११ साली साताऱ्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं द्यावी लागली.

आता यमाची धास्ती ओसरली, नशिबाची मात्र तशीच आहे. अंकशास्त्रवाला सांगतो म्हणून इंग्रजी स्पेलिंगात एक जादा ‘ए’ घुसवला जातो. धंदा चकवण्याचाच, फक्त धोंडूची आजी फी घेत नसे, आणि तिच्या सल्ल्यापायी कुणाला गॅझेटात नाव छापून आणावं लागत नसे.